आधी घड्याळ पाहायचं

फोन आला तेव्हा मी सेलूच्या एका मंगल कार्यालयात नवरीच्या हातावरची मेंदी शूट करत होतो. काम चालू असताना मी फोन घेत नाही. पण स्क्रीनवर 'मंदाताई' असं नाव होतं आणि मंदाताई भरदिवसा अशा वेळी कधी फोन करत नसत, म्हणून उचलला. पलीकडे त्यांची मुलगी होती, पौर्णिमाताई. "निखिलभाऊ, आई गेली," त्या म्हणाल्या. "घरीच. अकरा वाजून सतरा मिनिटांनी." आवाज सरळ होता, गाडीची वेळ सांगावी तसा. मी "हो" म्हणालो, "येतो" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि पुन्हा मेंदीकडे वळलो. मग हार झाले, मंगलाष्टकं झाली, पंगत झाली, नवरीच्या मामांनी ड्रोन आणखी एकदा उडवायला लावला... मी सगळं केलं. सेवाग्रामला पोचलो तोवर ऊन उतरलं होतं आणि लोक स्मशानातून परतून अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. याला आता दोन महिने होतील. अजूनही कुणी "पोचला होतास ना?" विचारलं की मी मान हलवतो. खरं म्हणजे पोचलो नव्हतो.

मंदाताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्या माझ्या वर्गमैत्रीण होत्या. हे सांगितलं की ऐकणारा गोंधळतो, कारण मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि त्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त होऊन आल्या होत्या. वर्ध्याच्या विद्यापीठात नाट्य आणि चित्रपटाचं एम.ए. करायला आम्ही एकाच वर्षी दाखल झालो. मी केळझरचा. गणपतीच्या देवळाच्या वाटेवर आमचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे, आणि मुलगा वर्ध्याला नेमकं काय शिकतो हे बाबांना विचारलं की ते "कॉलेज करून राह्यला" एवढंच सांगत. नाटक-सिनेमाचं शिक्षण घेतो हे सांगायची त्यांना लाज वाटायची. आता मी लग्नाचे व्हिडिओ काढतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं. माणसाला काय दिसतं त्यावर असतं सगळं.

पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही सगळे ताडकन उभे राहिलो. फिकट निळी सुती साडी, घट्ट अंबाडा, हातात लांब दांड्याची छत्री. "गुड मॉर्निंग, मॅडम," आम्ही एका सुरात म्हणालो. त्यांनी हातानं बसायची खूण केली, वॉर्डातली जुनी सवय असावी, आणि सरळ येऊन पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. "बसा, बसा. मले बी शिकाचंच हाये," असं म्हणून त्यांनी पिशवीतून नवी कोरी वही काढली. वर्गात खसखस पिकली. वर्ग हिंदीतून चालायचे, निम्मी मुलं बिहार-उत्तर प्रदेशातली, त्यांनी आठवडाभरात मंदाताईंना 'दीदी' करून टाकलं. मी 'ताई' म्हणायचो. त्या मला 'बाबू' म्हणत आणि डब्यातली अर्धी भाकर माझ्या झाकणात ठेवत, न विचारता. हॉस्टेलची मेस कशी होती ते आठवलं की ती अर्धी भाकर केवढी होती ते कळतं.

या वयात हे काय सुचलं, असं त्यांना मी एकदा विचारलं होतं. विभागाबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही चहा पीत होतो. त्या म्हणाल्या, वस्तीत जयंतीला दरवर्षी नाटक बसायचं, बाईचं कामसुद्धा बापेच करायचे, आणि त्यांच्या वाट्याला कायम कपड्यांना टाके घालायचं काम यायचं. "मले सारं नाटक पाठ राह्ये. स्टेजच्या मांगं उभी राहून ओठ हालवो मी. मंग नोकरी लागली, लग्न झालं... राह्यलंच." मग कप खाली ठेवून हसल्या. "आन दुसरं मने, इतके वर्षं लोकाइचं खरं मरन पाह्यलं. आता म्हटलं खोटं मरन शिकून पाहू."

खोटं मरण त्यांना शिकता आलं नाही. अभिनयाच्या तासाला त्या तशा कच्च्याच होत्या. पल्लेदार वाक्य आलं की पाठ केलेलं म्हणायच्या, आवाज चढवायचा म्हटलं की खोकला यायचा, प्रेक्षकांना पाठ दाखवू नये हे दोन वर्षांत त्यांच्या अंगवळणी पडलं नाही. पण नुसतं काही करायचं असलं, बोलायचं नसलं, तर त्यांच्याकडून नजर हलत नसे. एकदा सरांनी प्रत्येकाला रंगमंचावर दोन मिनिटं रोजचं एखादं काम करून दाखवायला सांगितलं. आम्ही कुणी दाढी केली, कुणी स्वयंपाक केला, कुणी रिकामी सायकल हाणली. मंदाताईंनी एका बाकावर चादर बदलली. बाकावर आजारी माणूस झोपलेला आहे आणि त्याला न हलवता खालची चादर काढून नवी घालायची आहे, एवढंच. त्या माणसाला त्यांनी इतक्या जपून कुशीवर वळवलं की आलोक, बिहारमधल्या आरा गावचा माझा मित्र, नंतर त्या बाकावर बसायला तयार होईना. सरांनी फक्त पुढच्याचं नाव घेतलं. एरवी ते भरभरून बोलत.

सरांचा एक नियम होता. चित्रीकरण कुठेही असो, जागा सोडण्याआधी सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते, पंख्याची, रस्त्याची, भिंतीपलीकडच्या नळाची. ती नंतर संवादांच्या मधल्या फटी बुजवायला लागते. "कमरे की चुप्पी ले आओ," सर म्हणत. पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा सगळी पोरं माना खाली घालून, हात पुढे बांधून उभी राहिली. मंदाताईंनी मिनिट पूर्ण होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "कोन मेलं रे?" त्यानंतर ते मिनिट कुणालाच गंभीरपणे उभं राहता आलं नाही. पण आमच्यात एकट्या त्याच होत्या ज्यांना मिनिट कधी संपलं ते अचूक कळायचं. उजव्या मनगटावर त्यांचं एक जुनं चौकोनी घड्याळ असे, तबकडी आतल्या बाजूला फिरवलेली. नाडी मोजताना हात वळवावा लागत नाही म्हणून तसं घालायची सवय लागली, म्हणाल्या होत्या. घड्याळ त्यांनी पाहिलं न पाहिलं तरी त्यांचं मोजणं आतल्या आत चालूच असायचं, असं मला वाटतं.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगून मी ते टाळतोय, हे वाचणाऱ्याच्याही लक्षात आलं असेल.

शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करायचा होता. माझी गोष्ट साधी होती: एका बाईचा तरुण मुलगा दुपारी घरातल्या पलंगावर जातो, आणि ती एकटी त्याच्यापाशी आहे. आई अर्थातच मंदाताई. घरही त्यांचंच, सेवाग्रामचं. मुलीचं लग्न होऊन ती वर्ध्याला होती, पती काही वर्षांपूर्वी गेलेले, समोरच्या खोलीत एक लोखंडी पलंग आणि भिंतीला टेकवलेली शिलाई मशीन. विभागानं कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला होता आणि त्यात एकच मेमरी कार्ड. सिनेमाचं शिकणाऱ्या पोरांची एक घाण सवय असते, निदान आमची होती. कार्डात जागा उरली नाही की जो टेक 'बिघडला' तो तिथल्या तिथे उडवायचा. बिघडला की नाही हे ठरवणारा दिग्दर्शक म्हणजे तेवीस वर्षांचा मी.

मेलेला मुलगा म्हणून एका ज्युनिअरला झोपवलं होतं, आवाजाला रेकॉर्डर घेऊन आलोक होता. उन्हाळा, पंखा, पोटभर जेवण... तो खराच झोपला. मी "अॅक्शन" म्हणालो. मंदाताई आतून पाण्याचा गडू घेऊन आल्या, पलंगाशी थबकल्या, गडू खाली ठेवला. त्याचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडे पाहत बसल्या. बराच वेळ. मग मनगट हळूच चादरीवर ठेवलं, पुटपुटल्या, "चार दहा." त्याचे पाय सरळ केले, उशी नीट केली, चादर छातीपर्यंत ओढली आणि तिच्यावरची एक सुरकुती हातानं पुसली. मी वाट पाहतोय, आता रडतील, आता रडतील. त्या गडू उचलून आत निघाल्या. मी ओरडलो, "कट! ताई, रडा ना! तुमचा मुलगा गेलाय. ही आई आहे, नर्स नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पयले टाइम पाहा लागते बाबू. मंग रडतात." मी म्हणालो, आई असं करत नाही. हे मी त्यांना सांगितलं. मी... त्यांना.

मग मी कॅमेरा घेऊन ओसरीत गेलो. कार्ड भरत आलं होतं. तो टेक उडवला, पुढची लाइट कशी येते ते पाहिलं, एक फोन केला आणि दहा मिनिटांनी आत आलो. दुसऱ्या टेकला मंदाताई रडल्या. मी सांगितलं तसं, मुलाच्या अंगावर पडून, हंबरडा फोडून. झोपलेला ज्युनिअर दचकून उठून बसला, तो टेक गेला. तिसऱ्या टेकला त्या पुन्हा तितक्याच रडल्या आणि या वेळी शेजारच्या बाया धावत आल्या. दारात चार जणी उभ्या, एकीच्या हाताला कणीक लागलेली. "काय झालं वो सिस्टर?" आमची हसून हसून मुरकुंडी वळली. मंदाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि बायांना चहा टाकला. मी खूश होतो. शेजारपाजार धावून येतो असं रडणं मला मिळालं होतं.

एडिटला बसलो तेव्हा ते रडणं कुठेच बसेना. लांब ठेवलं तर खोटं, आखूड केलं तर आणखी खोटं. सरांनी एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "ये रो कौन रहा है? मंदाजी तो नहीं हैं ये. पहला टेक दिखाओ." मी म्हणालो, तो उडवला. सर निघून गेले. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. कार्डावरून पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर शोधलं, दोन दिवस त्यामागे घालवले. काही हाती लागलं नाही. त्या जागेवर तोपर्यंत रडणं भरलं गेलं होतं.

मार्कांपुरता कच्चा सिनेमा मी जमा केला आणि पास झालो. विभागात तो दाखवला त्या आठवड्यात मंदाताई मुलीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, त्यामुळे त्यांनी पाहिला नाही. मी सांगितलं, नीट पूर्ण करून दाखवतो. त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं त्या भेटल्या की विचारायच्या, "झाला का रे आपला पिक्चर?" आणि मी म्हणायचो, थोडं राहिलंय ताई, आवाजाचं. कधी कॉम्प्युटर बिघडलेला असे, कधी लग्नसराई. टेक उडवला हे सांगायला मला काय जात होतं? त्या हसल्या असत्या, "जाऊ दे," म्हणाल्या असत्या. पण ते सांगितलं की मग हेही सांगावं लागलं असतं की तुमचंच बरोबर होतं आणि मला ते कळलं नाही. मला ते जमलं नाही. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्या बऱ्याच वाळल्या होत्या, आवाज बसलेला. तरी निघताना दारापर्यंत आल्या. "पिक्चर झाला का सांगजो." तीच शेवटची भेट. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी अर्ध्या सोडल्या आहेत, त्यांचं फारसं वाटत नाही. याचं वाटतं. सकाळी उठल्यापासून वाटतं आणि दमायला होतं.

त्या गेल्यानंतर आठवडाभरानं पौर्णिमाताईंचा पुन्हा फोन आला. गेलेल्यासाठी बौद्ध रीतीनं करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता, त्याची वेळ सांगायला. ते सांगून झालं तरी त्या फोन ठेवेनात. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? शेजारच्या काकू सांगतात का आई तुमच्या पिक्चरमंधी लय रडली मने. आम्ही आईले कधी रडताना पाह्यलंच नाई. बाबा गेले तवाही नाई. ते मले पाहाचं हाये. कार्यक्रमात नाई लावलं तरी चालते. मले एकटीले दाखवा."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? रडणं माझ्याकडे होतं. पण त्याचा आवाज कॅमेऱ्यातला, फाटका. चांगला आवाज आलोकच्या रेकॉर्डरवर होता. आलोक आता मुंबईत मालिकांचं ध्वनिमुद्रण करतो. त्याला फोन केला, मंदाताईंचं सांगितलं. तो म्हणाला, "भाई, सब रखा है मैंने. दीदी का फोल्डर अलग है." त्याच दिवशी त्यानं सगळं पाठवलं. पलंगाच्या प्रसंगाच्या तीन फायली होत्या. दुसरी आणि तिसरी दोन-दोन मिनिटांच्या. पहिली चौदा मिनिटांची.

चित्र पुसलं होतं, पण आवाज वेगळ्या यंत्रावर असतो हे मला सहा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. खरं तर सुचू दिलं नव्हतं. आलोकला विचारलं, एवढी लांब का? तो म्हणाला, तू बाहेर गेलास, मी म्हटलं खोलीची शांतता घेऊन टाकू, म्हणून रेकॉर्डर बंदच केला नाही. "फिर दीदी बात करने लगीं. आधा समझा, आधा नहीं. मैं बस हाँ-हाँ करता रहा." दुपारची वेळ होती, दुकानाच्या मागच्या खोलीत नारळाच्या पोत्यावर बसून मी ती चौदा मिनिटं ऐकली. संपल्यावरही तिथेच बसून होतो. बाबांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा स्वतः उठून आले आणि माझं तोंड पाहून परत गल्ल्यावर जाऊन बसले.

पुण्यानुमोदनाला खूप लोक आले होते. दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर, वस्तीतले लोक, आमच्या विभागातून सर आणि तिघे-चौघे. वंदना झाली, लोक बोलले. शेवटी सगळे एक मिनिट स्तब्ध उभे राहिले आणि मला उगाच वाटून गेलं की मिनिट नक्की कधी संपलं हे आता इथे कुणालाच सांगता येणार नाही. जेवणं आटोपून लोक पांगल्यावर पौर्णिमाताईंनी मला समोरच्या खोलीत नेलं. तोच लोखंडी पलंग, त्यावर धुतलेली चादर, तीच शिलाई मशीन. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि मी लॅपटॉप मशीनवर ठेवला. त्यांच्या उजव्या मनगटावर आईचं चौकोनी घड्याळ होतं, तबकडी आत.

आधी मी त्यांना रडणं दाखवलं. त्यांनी मागितलं होतं ते. हंबरडा संपेपर्यंत त्या पापणी न हलवता पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ही माही आई नोय."

तेव्हा मी सांगितलं. सहा वर्षं आईंना जे सांगितलं नाही ते मुलीला सांगितलं, की आधी एक टेक झाला होता, त्यात त्या त्यांच्यासारख्या होत्या, मी तो उडवला, आणि आता त्याचा फक्त आवाज आहे. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "लावा."

पंख्याची घरघर. गडू फरशीवर टेकल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, नुसती ती खोली... आम्ही जिथे बसलो होतो तीच खोली, सहा वर्षांपूर्वीची. मग अगदी हळू, "चार दहा." चादरीची सळसळ. मग माझं ते ओरडणं. स्वतःचा तो आवाज ऐकणं ही मला मिळालेली शिक्षाच होती, पण मी हात मागे ठेवून उभा राहिलो. माझी पावलं बाहेर जातात. दार वाजतं. आणि मंदाताई आलोकला विचारतात, "तुले समजते का रे मराठी?"

"थोड़ा-थोड़ा, दीदी."

"मंग बरं हाये." त्या हसतात. पलंग कुरकुरतो, त्या बसल्या असाव्यात. "त्याले वाटते आई टाइम पाहात नाई. बाबू, टाइम कोनी तरी पाहाच लागते. सारेच रडाले बसले तं मानूस केव्हा गेला हे कोन सांगन? पौर्णिमाचे बाबा आमच्याच दवाखान्यात गेले, तवा मी ड्यूटीवर होती. धावत गेली, हात धरला. दोन वाजून पंचवीस. डॉक्टर बी नोते आले अजून. पोरगी मांगून आली, तिनं पाह्यलं का आई घड्याय पाहून राह्यली. झालं. तिच्या मनातून मी उतरली."

"हाँ, दीदी."

"बोलत नाई ती, पन मले समजते ना. आता तिले कसं सांगू, का त्याचा तो शेवटचा टाइम होता. तो मी नाई पाहाचा तं कोनं पाहाचा? परक्या मानसानं? रडनं काय, मांगून बी होते. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता रडली मी. तवा घरी कोनी नोतं. पीठ सारं ओलं झालं, फेकून देल्लं आन दुसरं घेतलं."

"हाँ, दीदी... हाँ."

ज्याला आपली भाषा पुरती कळत नाही त्याच्याजवळच माणूस असं बोलू शकतो, हे मला आता पटलंय. यानंतर रेकॉर्डिंगमध्ये कुणीच बोलत नाही. पंखा फिरत राहतो, कुठेतरी कुकरची शिट्टी होते, ज्युनिअर घोरतो. आलोकला हवी असलेली खोलीची शांतता ती हीच, आणि तिच्यात मंदाताई बसलेल्या आहेत. सिनेमाचं मी काय करणार ते मला आता कळलं आहे. त्या जागी पडदा काळा ठेवणार आहे आणि हे ऐकवणार आहे, चादरीच्या सळसळीपर्यंत. पुढचं कुणाला ऐकवायचं नाही. ते एकट्या पौर्णिमाताईंसाठी होतं आणि त्यांच्यापर्यंत उशिरा का होईना पोचलं.

मी थांबवायला हात पुढे केला तर पौर्णिमाताईंनी मानेनंच नको म्हटलं. सगळं संपेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग फरशीकडे पाहत बोलू लागल्या, तुटक तुटक. "भाऊ, आई गेली तवा तिचा हात माह्या हातात होता. आन मी पयले घड्याळ पाह्यलं. का पाह्यलं मले नाई मालूम. अकरा सतरा. मंग साऱ्याइले फोन करत बसली, अकरा सतरा, अकरा सतरा... तुम्हालेही तसंच सांगितलं. तवापासून झोप नाई मले. म्हनलं, मी कशी पोरगी हाये? आईचा जीव चालला आन मी टाइम पाहून राह्यली." त्या थांबल्या. "बाबाच्या टायमापासून मी तिच्याशी मनमोकळं बोललीच नाई. त्याच गोष्टीसाठी. आन तीच गोष्ट मी केली."

 मग त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा लावा. सुरुवातीपासून." मी लावलं. गडू टेकला. खोली शांत झाली. "चार दहा," मंदाताई म्हणाल्या. पौर्णिमाताईंनी पलंगावरच्या चादरीची एक सुरकुती हातानं सरळ केली, मग मनगट थोडं उचललं आणि आतल्या तबकडीकडे पाहिलं.

"पावणेपाच," त्या म्हणाल्या. आणि मग रडल्या.